ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातली तयारी

स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की दोन दिवस काही सुचत नाही. माझ्या वहिनींच्या वेळी ते दोन दिवस आम्ही रडण्यात घालवले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र फाइल लावायला बसा. बायॉप्सी, ईआर-पीआर-हर टू (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणारी गाठीची तपासणी), मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सगळं तारखेप्रमाणे. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा आणखी कुठे दाखवायचं असेल, तर आधीच्या लॅबमधून बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. मोठ्या ठिकाणी ते पुन्हा तपासतात. आमचे ब्लॉक साताऱ्यालाच राहिले आणि त्यापायी भावाला एक खेप जास्तीची पडली.

ऑपरेशन राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन ऑपरेशनच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या माणसांना, गाठा, मंजुरी आधी लागते. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही हॉस्पिटलमधूनच भरून घ्या.

डॉक्टरांना विचारायचं ते वहीत लिहून न्या, समोर बसलं की आठवत नाही. पूर्ण स्तन काढणार की फक्त गाठ? काखेतल्या किती गाठी (लिम्फ नोड) काढणार? केमो आधी की नंतर? "काढून टाका एकदाचं सगळं" असं घाबरून ठरवू नका. आजार लवकर लक्षात आला असेल, तर गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात. घरातल्या मोठ्यांनाही हे समजावून सांगा. रक्त पातळ करायच्या, शुगरच्या, बीपीच्या गोळ्या आणि कुणी दिलेला काढासुद्धा भूलतज्ज्ञांना दाखवा. मनाने काही बंद करू नका.

कपडे पुढून उघडणारे हवेत, कारण हात वर करून डोक्यातून काही घालता येत नाही. दोन-तीन सैल गाऊन, नाहीतर घरातले मोठे शर्ट. ऑपरेशननंतर बहुतेक वेळा काखेखालून एक नळी बाहेर काढतात, तिच्या टोकाला रबरी फुग्यासारखी बाटली असते. तीच ड्रेन, आत साचणारं पाणी तिच्यातून बाहेर येतं. ती घेऊनच बऱ्याच जणी घरी येतात. मी वहिनींच्या जुन्या सुती साडीची पिशवी शिवली, वीतभर खोल, गळ्यात अडकवायला लांब बंद असलेली. त्यामुळे नळीला ओढ बसली नाही आणि झोपताना पिशवी उशाशी ठेवता आली. बाटलीतलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून लिहायचं असतं, म्हणून मोजपात्र आणि वही आधीच एकत्र ठेवा. दिवसाचं पाणी साधारण 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढतात.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी घरीच उतरवा. जोडवी घट्ट बसलेली असतात, आदल्या दिवशी तेल लावून काढा. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने मंगळसूत्र मागितलं तेव्हा वहिनींचा चेहरा जो उतरला, तो मी विसरलेले नाही. घरी सासूबाईंच्या हातात दिलं असतं तर बरं झालं असतं. नखांचं पॉलिशही पुसा.

स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीवर आणा. भरलेली कळशी, कुकर, कणीक मळणं हे महिनाभर दुसऱ्या कुणाचं काम, आणि ते कुणाचं हे नाव घेऊन ठरवा. "बघू, होईल" म्हटलं की चौथ्या दिवशी बाई ओट्याशी उभी राहते. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकून घ्या. भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत न्यायचा एक व्यायाम असतो, त्या भिंतीपाशी पेन्सिल टांगा आणि जिथवर हात पोचेल तिथे रोज खूण करा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा चालेल का, हेही विचारून ठेवा.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. कुजबुज त्यांना जास्त घाबरवते.

काढलेल्या गाठीचा अंतिम रिपोर्ट नंतर येतो, पुढचे उपचार त्यावर ठरतात. त्या दिवशी सोबत कोण येणार आणि वहीत कोण लिहून घेणार, हे आत्ताच ठरवून टाका.