व्हॉट्सॲप सोडायला निघालात? आधी या चुका टाळा

व्हॉट्सॲपने काही जाहीर केलं की दुसऱ्या दिवशी कोणा ना कोणा नातेवाइकाचा फोन ठरलेला. "अरे, ते आता आपले सगळे मेसेज वाचणार म्हणे. दुसरं कुठलं टाकू?" २०२१च्या जानेवारीत नवी प्रायव्हसी पॉलिसी आली तेव्हा हेच, आणि जून २०२५ मध्ये अपडेट्स टॅबमध्ये (स्टेटस आणि चॅनल दिसतात तिथे) जाहिराती दाखवणार म्हटल्यावर पुन्हा हेच. घरातला 'कॉम्प्युटरवाला' असण्याची ही शिक्षा. चुकाही त्याच त्या, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या फोनला हेच फॉरवर्ड करणार आहे.

जाहिरात दिसली म्हणजे मेसेज वाचला, असं समजणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. म्हणजे तुम्ही बहिणीला काय लिहिलंत ते तुमच्या आणि तिच्या फोनवरच उघडतं, मधे कंपनीला वाचता येत नाही. कंपनीकडे उरतं ते वेगळंच: तुमचा नंबर, तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, फोन कुठला, साधारण कुठल्या गावात आहात. हेही काही थोडं नाही. पण चिडायचंच तर नेमकं त्यावर चिडा.

आमच्या एका मावशीचा दावा होता की मिक्सरबद्दल मुलीशी चॅट केलं आणि तासाभरात मिक्सरची जाहिरात आली. तिचा फोन हातात घेतला. ब्राउझरमध्ये तीन दुकानांच्या साइट उघड्या, तिन्हीवर मिक्सर, आणि त्याच ब्राउझरमध्ये फेसबुक लॉगिन. याला चॅट कशाला वाचायला हवं? अपडेट्स टॅबमधल्या जाहिराती तुमचं शहर, भाषा, तुम्ही फॉलो केलेले चॅनल यांवरून ठरतात. व्हॉट्सॲप 'अकाउंट्स सेंटर' या सेटिंगमधून इन्स्टा-फेसबुकला जोडलं असेल तर तिथलीही माहिती वापरली जाते. मी ते जोडलेलं नाही, चॅनल एकही फॉलो करत नाही आणि अपडेट्स टॅबकडे फिरकतही नाही. एवढ्याने भागतं.

दुकानदाराशी केलेलं चॅट मात्र निराळं. साडीच्या दुकानाला "नवीन पैठणी आल्या का" विचारलंत, तर ते चॅट दुकानाने नेमलेली बाहेरची कंपनी हाताळत असू शकते आणि दुकान ते आपल्या जाहिरातीसाठी वापरू शकतं. याबद्दल मला आजवर कोणीही फोन केलेला नाही.

संशय घेऊच नका, असं मी म्हणत नाही. व्हॉट्सॲप बनवणाऱ्या दोघांना जाहिरातींचा तिटकारा होता, वर्षाला एक डॉलर घ्यायचं त्यांचं धोरण होतं. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला ते विकत घ्यायचं ठरवलं, २०१६च्या सुरुवातीला तो डॉलर बंद झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेसबुकला माहिती देणारी पॉलिसी आली. या खरेदीच्या वेळी दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून युरोपियन कमिशनने २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०२१च्या पॉलिसीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला (म्हणजे फेसबुकचीच कंपनी, नाव नवं) २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तेव्हा संशयाला जागा आहेच.

खर्च कोण करतंय ते न विचारणं

सर्व्हर फुकट चालत नाहीत. सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप देणग्यांवर चालतं. व्हॉट्सॲपच्याच संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन याने २०१८ मध्ये त्यात ५ कोटी डॉलर घातले. तिथे जाहिरात नाही, आणि माहिती जवळपास साठवतच नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्रँड ज्युरीसाठी (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) त्यांच्याकडे माहिती मागितली गेली, तेव्हा द्यायला फक्त खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच होतं. तोटा एकच, तुमची अर्धी माणसं तिथे नसतात.

टेलिग्राम मोठ्या सार्वजनिक चॅनलवर जाहिराती दाखवतं आणि प्रीमियम विकतं. पण तिथलं साधं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं, ते सीक्रेट चॅटमध्येच मिळतं, आणि ग्रुपला तर नाहीच. 'प्रायव्हसीसाठी' म्हणून तिकडे जाणाऱ्यांपुढे मी आता हात टेकलेत. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टई ॲपवर झुंबड उडाली तेव्हा तिथे कॉल एन्क्रिप्टेड होते, मेसेज नव्हते. स्वदेशी म्हणून घ्यायचं तर जरूर घ्यावं, फक्त तेव्हा तरी त्याला प्रायव्हसीचं नाव देण्यासारखं नव्हतं.

एका रात्रीत सगळ्यांना हलवणं

२०२१च्या त्या गडबडीत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना रविवारी रात्री साक्षात्कार झाला. जुना ग्रुप त्यांनी तडकाफडकी बंद केला, नव्या ॲपवर ग्रुप काढला आणि सगळ्यांना सोपं पडावं म्हणून लिंक सार्वजनिक ठेवली. "अहो, लिंक बंद ठेवली तर एकेकाला ॲड करत बसायचं का?" हे त्यांचं उत्तर. लिंक कुठून कुठे गेली देव जाणे, पण आठवडाभरात 'घरबसल्या कमवा' सांगणारी अनोळखी मंडळी आत. तोवर तिथे मेंटेनन्स थकबाकीची यादी पडली होती, फ्लॅट नंबर आणि मोबाइलसकट. नव्या वॉचमनच्या आधार कार्डाचा फोटोसुद्धा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना नवं ॲप टाकताच आलं नव्हतं. टाकी धुण्याची सूचना त्यांना कळली नाही आणि सकाळी नळ कोरडा. मग कोणीतरी चिडून व्हॉट्सॲपवर 'सोसायटी नवीन' काढला, सेक्रेटरींच्या विरोधकांनी 'सोसायटी ओरिजिनल', आणि पुढचे काही महिने प्रत्येक सूचना तीन ठिकाणी.

प्रायव्हसीच्या नावाने निघाले आणि घरोघरची थकबाकी चव्हाट्यावर मांडून आले. दहा मिनिटं वाचवायची घाई असली की असंच होतं.

माझी सवय सांगतो. जुना ग्रुप चालू ठेवायचा, नव्यात माणसं सावकाश आणायची, ॲडमिनच्या परवानगीशिवाय कोणी आत येणार नाही हे सेटिंग आधी लावायचं, आणि कागदपत्रं ग्रुपवर टाकायचीच नाहीत. आम्ही भावंडं सिग्नलवर आहोत, कारण चौघांनीही मान्य केलं. दूधवाला, शाळा, सोसायटी व्हॉट्सॲपवर. दूधवाल्याने माझ्या तत्त्वांसाठी ॲप बदलावं अशी माझी अपेक्षा नाही.

बॅकअप उघडा ठेवणं

चॅट कुलूपबंद, पण गूगल ड्राइव्हवरचा त्याचा बॅकअप तुम्ही स्वतः एन्क्रिप्शन चालू करेपर्यंत तसा नसतो. ही सोय २०२१च्या ऑक्टोबरपासून आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली (की) मागतं. विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोनच्या नोट्समध्ये नको, कारण फोनच हरवतो.

आणि या किरकोळ

निळी टिक लपवायला जीबी व्हॉट्सॲप (व्हॉट्सॲपची अनधिकृत नक्कल) टाकणं: कोणी बनवलंय माहीत नाही, आणि सगळी चॅट त्याच्या हवाली. अजिबात नको.

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढणं आणि तसंच निघून येणं. 'लिंक्ड डिव्हाइसेस' आत्ता उघडून बघा.

टू-स्टेप पिन (नव्या फोनवर खातं उघडताना मागितला जाणारा तुमचा गुप्त आकडा) न लावणं. एका मिनिटाचं काम आहे, त्यावर वाद नको.

गायब होणाऱ्या मेसेजवर विसंबणं. समोरचा स्क्रीनशॉट काढतो.

ॲप काढलं म्हणजे खातं बंद झालं असं समजणं. तसं होत नाही. १२० दिवस काहीच हालचाल नसली की व्हॉट्सॲप साधारणपणे खातं काढतं, तोवर लोक मेसेज पाठवत राहतात आणि एका टिकवर तुमची वाट बघतात. सोडायचंच असेल तर आधी सगळ्यांना कळवा, ग्रुपचं ॲडमिनपद दुसऱ्या कोणाला द्या, सेटिंग्जमधून खातं डिलीट करा आणि मगच ॲप काढा.