वणव्यानंतर माळटिटवीच्या घरट्यांची नोंद कशी ठेवावी

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळांवर मार्च-एप्रिलमध्ये कुसळी, पवन्या ही गवतं वाळून कोळ होतात. माळटिटवी, धाविक, डोंबारी चंडोल हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात तेही याच दिवसांत. वणव्यात किती घरटी जळाली हे लगेच दिसतं. वाचलेल्या आणि नंतर घातलेल्या घरट्यांतून पिल्लं किती निघाली, ते मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी आगीची तारीख पक्की करा. जानेवारीत माळ जळाला तर बहुतेक पक्ष्यांची अंडी अजून पडलेली नसतात, आणि माळटिटवीला उघडी जमीन चालतेही. झुडपाच्या बुडाशी अंडी घालणाऱ्या तितराचा आडोसा मात्र तेव्हाच जातो. एप्रिलची आग थेट अंड्यांवर येते.

जळालेला एक पट्टा आणि शेजारचाच न जळालेला एक पट्टा निवडा. दोन्हींची माती, उतार आणि चराई सारखी हवी. इथे हमखास चूक होते. जळालेल्या माळावर कोवळे फुटवे आले की मेंढरं तिकडे वळतात. मग खुरांखाली फुटलेली अंडी वणव्याच्या खात्यावर जमा होतात. म्हणून दर फेरीला चराईही लिहा.

घरटं शोधायला माळ तुडवू नका. लांबून दुर्बिणीनं पक्षी कुठे बसतो ते पाहा. खूण म्हणून दहा मीटरवर दोन-तीन दगड रचा. झेंडी लावू नका, कावळे ती ओळखायला शिकतात. फेरी तीन-चार दिवसांनी, सकाळी लवकर मारा. भर दुपारी पक्षी उठवला तर अंडी तापून मरतात, कारण तो त्या वेळी ऊब देत नसतो, सावली धरून बसलेला असतो. अंड्यांना हात लावायचा नाही. जवळपास कावळा किंवा कुत्रा असेल तर तसेच पुढे निघून जा.

घरटं रिकामं दिसलं तर खळगा नीट बघा. तळाशी कवचाच्या बारीक कपच्या असतील तर बहुधा पिल्लं निघाली, मोठी कवचं पालक उचलून नेतात. बलक लागलेले मोठे तुकडे असतील तर शिकार. काहीच नसेल आणि पिल्लं निघायला अजून वेळ असेल, तरी शिकारच धरा.

हिशेब १९६१ सालच्या मेफील्ड पद्धतीनं, म्हणजे लक्ष ठेवलेल्या दिवसांवरून करा. समजा, १२ घरट्यांवर मिळून १५० दिवस लक्ष ठेवलं आणि ६ गेली. रोज वाचण्याचं प्रमाण १ − ६/१५० = ०.९६. उबवणीचे २८ दिवस धरले तर ०.९६ चा २८ वा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. नुसती मोजणी ५० टक्के दाखवते. ती फुगलेली असते, कारण सापडण्याआधीच मोडलेली घरटी तुमच्या वहीत कधी येतच नाहीत. घरटं नक्की कधी गेलं ते माहीत नसेल तर शेवटच्या दोन फेऱ्यांमधला मधला दिवस धरा.

अंडी गेली तर माळटिटवी पुन्हा घालते. तिचं दुसरं घरटं नवीन क्रमांकानं लिहा, पण जोडी तीच आहे हेही नोंदवा. नाहीतर जळालेल्या पट्ट्यात घरटी वाढल्याचा भास होतो.