संस्थेचा अभ्यास मानवशास्त्रज्ञाच्या पद्धतीने कसा करावा
संस्थेत पाऊल ठेवताच प्रश्नावली बाहेर काढू नये. आधी काही आठवडे एका कोपऱ्यात बसून काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे आणि टिपणे त्याच दिवशी लिहून काढावीत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये, मानवशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांच्या सल्ल्याने, १४ कामगारांचे असे निरीक्षण झाले, तेव्हा दिवसाचे काम किती करायचे हे कामगारांचा गटच ठरवतो आणि मर्यादा ओलांडणाऱ्याच्या दंडावर सहकारी गुद्दा मारतात, असे दिसून आले. (हा गुद्दा प्रश्नावलीत क्वचितच उमटला असता.) वरिष्ठांची परवानगी मिळाली असली, तरी कामगारांची संमती स्वतंत्रपणे घ्यावी आणि कोणाचीही ओळख उघड होत नाही याची खात्री करूनच अहवाल व्यवस्थापनाकडे द्यावा.