भोपळ्यातली म्हातारी, लाल टोपीवाली आणि पन्हाळ्याचा बेडूक: लहान मुलांना जगातल्या गोष्टी कशा सांगाव्यात

लाल टोपीवालीची (लिटल रेड रायडिंग हूडची) गोष्ट सुरू करण्याआधी भोपळ्यातली म्हातारी निदान आठ दिवस सांगून झालेली असावी. दोन्ही गोष्टींचा सांगाडा जवळजवळ एकच आहे: रान, वाट, वाटेत भेटणारं खादाड जनावर आणि पलीकडच्या टोकाला मायेचं माणूस. म्हातारी लेकीकडं निघालेली, टोपीवाली आज्जीकडं. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा’ हे ज्या मुलाला तोंडपाठ आहे, त्याला लांडगा भेटल्यावर वेगळं काही समजवावं लागत नाही. ते आपोआप तुमच्या जवळ सरकतं. दोन-चार रात्रींनी त्याला फरकही दिसतो, की म्हातारीनं वाघाला फसवलं होतं, इथं लांडग्यानंच मुलीला फसवलं. हे मूल आपणहून बोललं की परदेशातली गोष्ट तुमच्या घरात राहायला आली असं समजा.

अशा जोड्या आपल्याकडं बऱ्याच आहेत. चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, ही गोष्ट ऐकलेल्या मुलाला तीन डुकरांची गवताची, काटक्यांची आणि विटांची घरं लगेच कळतात. तिथून एक पाऊल पुढं लांडगा आणि सात करडं. आवाज मऊ व्हावा म्हणून लांडगा खडू खातो, पंजा पांढरा दिसावा म्हणून त्यावर पीठ लावून घेतो आणि दार वाजवतो. पण ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ आणि ही गोष्ट एकाच दिवशी सांगू नका. आपल्या गोष्टीत दाराबाहेर भिजलेला बिचारा कावळा असतो, त्या गोष्टीत दाराबाहेर धोका असतो. दोन्ही एकदम ऐकल्या तर तीन वर्षांच्या मुलाचा गोंधळ उडतो आणि कावळ्याचीही भीती बसते. मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

उंदराच्या टोपीची गोष्ट म्हणजे डेन्मार्कच्या अँडरसनने १८३७ साली लिहिलेल्या ‘सम्राटाचे नवे कपडे’ या कथेची पायरी. इथं ढोलकं बडवत ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ म्हणणारा उंदीर, तिथं ‘राजाच्या अंगावर काहीच नाही’ म्हणणारं पोर. पाचव्या वर्षी ही जोडी फार रंगते, कारण त्या वयात मोठ्यांची चूक पकडण्याची मुलांना भारी हौस असते. आवडती-नावडती राणीच्या कहाण्यांमधून सिंड्रेलाकडं जाता येतं.

सांगण्याची तयारी

पहिली ओळख पुस्तकातून नको, तोंडी द्या. पुस्तक वाचताना आपले डोळे कागदावर असतात, आणि या वयाला गोष्टीपेक्षा सांगणाऱ्याचं तोंड महत्त्वाचं असतं. गोष्ट स्वतः दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि चिठ्ठीवर फक्त पाच खुंट्या लिहा. लाल टोपीवालीच्या अशा: टोपी आणि शिदोरी, लांडग्याची भेट, फुलं वेचण्यात गेलेला वेळ, आज्जीच्या पलंगाजवळचे प्रश्न, शिकारी. एवढ्यावर गोष्ट सरळ उभी राहते. पाठ करायचा तो फक्त पालुपदाचा भाग. ‘आज्जी आज्जी, तुझे कान एवढे मोठे कसे?’ ‘तुझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.’ हे शब्द एकदा ठरवले की रोज तसेच्या तसे यायला हवेत. बाकीची वाक्यं बदलली तरी चालतं, पालुपद बदललं की मूल अडवतं, आणि त्याचं बरोबर असतं: त्याच ठिकाणी ते तुमच्याबरोबर बोलणार असतं.

वेळेचा अंदाज असा ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाच ते सात मिनिटं, पाचव्या-सहाव्या वर्षी दहा-बारा, सातनंतर पंधरा-वीस. एक गोष्ट सलग सात-आठ रात्री. रोज नवी गोष्ट आणली तर एकही मुरत नाही. महिन्याला तीन परदेशी गोष्टी म्हणजे भरपूर झाल्या.

भाषा घरात बोलता तीच. लांडग्यानं ‘कुठं चाललीस गं पोरी?’ असं विचारावं, आणि टोपीवालीनं ‘आज्जीकडं’ असं म्हणावं. तुमच्या घरी ‘काय करालाईस?’ असं बोलत असतील, तर लांडगाही तसंच बोलेल. ‘तू कुठे जात आहेस, हे बालिके’ असली पुस्तकी भाषा गोष्टीला चौथ्या मजल्यावर नेऊन बसवते. सुरुवात मात्र ‘आटपाट नगर होतं’ अशी करा आणि शेवटी ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणा. जर्मनीची गोष्ट असली तरी काही बिघडत नाही. हे शब्द कानावर पडले की आता गोष्टीचा वेळ, हे मुलाला कळतं.

काय बदलायचं आणि काय नाही, याचा आमचा नियम साधा आहे. खाणंपिणं ओळखीचं करा. हवा, जनावरं आणि नावं तशीच ठेवा. तीन अस्वलांच्या वाडग्यांत लापशी घाला, अगदी फिट बसते. स्वयंपाकघरातून तीन मापांच्या तीन वाट्या आणून मांडल्या तर चित्रांच्या पुस्तकाची गरजही पडत नाही. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सापडणारं घर जर्मनीच्या ग्रिमबंधूंच्या कथेत पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. त्यात बदलण्यासारखं काही नाही. पण बर्फाच्या जागी पाऊस आणू नका आणि लांडग्याचा कोल्हा करू नका. कोल्हापूरच्या मुलानं हिमवर्षाव पाहिलेला नसतो, म्हणून तर तो सांगायचा. फ्रीजरच्या कडेला साठलेला भुसभुशीत बर्फ खरवडून हातावर द्या आणि म्हणा, ‘असलं आभाळातून पडत होतं, आवाज न करता.’ रंकाळा तलावावरच्या गोळ्याचा बर्फ इथं उपयोगी नाही, तो कडक असतो.

कोणती आवृत्ती सांगायची

याकडं बहुतेकांचं लक्ष नसतं. फ्रान्सच्या पेरोनं १६९७ साली छापलेल्या लाल टोपीवालीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते. ग्रिमबंधूंच्या संग्रहात (पहिला खंड १८१२) शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापून आज्जी-नातीला जिवंत बाहेर काढतो आणि पोटात दगड भरले जातात. लहानांना ही दुसरीच सांगावी. पोट कापण्याचा भाग गाळायचं कारण नाही. रक्ताचं वर्णन न करता, पिशवीची चेन उघडावी तसं एका वाक्यात सांगा, मुलं हसतात. मूल घाबरतं ते प्रसंगाला कमी, आपण आवाज लांबवून, डोळे मोठे करून तो प्रसंग रेंगाळवतो त्याला जास्त.

सिंड्रेलाचं उलटं आहे. काचेची सपाता आणि भोपळ्याची गाडी पेरोची. ग्रिमच्या सिंड्रेलात बहिणी बूट बसावा म्हणून पायाचं बोट आणि टाच कापतात, आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे फोडतात. ती नऊ-दहा वर्षांपर्यंत थांबवा.

हिमगौरी सांगताना दोन ठिकाणी सांभाळा. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत दुष्ट राणी ही मुलीची सख्खी आई होती. १८१९पासून ती सावत्र झाली. घरात किंवा शेजारी सावत्र आई असलेलं मूल असेल तर नातं सांगूच नका, नुसतं ‘राणी’ म्हणा. गोष्टीचं एक टाचणभरही नुकसान होत नाही. दुसरं, गोरेपणा. आरशाला ‘सर्वांत गोरी कोण’ असं विचारू नये. ‘सर्वांत सुंदर कोण’ असं विचारावं. मूळ कथेतही प्रश्न सौंदर्याचाच आहे, आणि मुलीचे काळेभोर केस हा त्या सौंदर्याचाच भाग आहे. आपल्याकडं सावळ्या मुलींच्या कानावर आधीच नको ते पडत असतं, त्यात गोष्टीनं भर घालू नये.

अँडरसनच्या कथा सरसकट परीकथा म्हणून देऊ नका. बदकांत वाढलेलं कुरूप पिल्लू पाचव्या वर्षी चालतं. काड्यापेट्या विकणारी मुलगी थंडीत गारठून मरते आणि छोट्या जलपरीला राजपुत्र मिळत नाही. या दोन्ही आठनंतर, दिवसाउजेडी, आणि नंतर मुलाजवळ बसायला तुम्हाला वेळ असेल तेव्हाच.

कुठं बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते तात्पर्यानं. ‘म्हणून अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, कळलं?’ असं म्हटलं की गोष्टीतला लांडगा तिथंच मरतो आणि शाळेचा तास सुरू होतो. इसापनीतीची सवय असल्यामुळं आपल्याला शेवटी बोध चिकटवल्याशिवाय राहवत नाही. गोष्ट संपली की दहापर्यंत अंक मनात मोजा आणि गप्प बसा. मूल काही बोललं तर तिथून पुढं बोला. नाही बोललं तर दिवा मालवा.

त्याच्याच बरोबरीचं दुसरं म्हणजे परीक्षा. ‘टोपीचा रंग कुठला? आज्जीला काय झालं होतं?’ असे प्रश्न पाहुण्यांसमोर विचारले की मूल गोष्टीला टाळायला लागतं.

सिनेमा आधी दाखवला तर हिमगौरी कायमची एकाच चेहऱ्याची होते. आधी महिनाभर तोंडी गोष्ट, मग चित्रांचं पुस्तक, सिनेमा सगळ्यात शेवटी.

इंग्रजी माध्यमात मूल असेल तर प्रत्येक वाक्य दोन भाषांत सांगण्याचा मोह होतो. तसं केलं की लय तुटते आणि दोन्ही भाषा अर्ध्या राहतात. गोष्ट पूर्ण मराठीत मुरू द्या. पंधरा दिवसांनी तीच गोष्ट इंग्रजी पुस्तकातून वाचा. प्रसंग माहीत असल्यामुळं अनोळखी शब्दांचा अर्थ मूल स्वतः ताडतं.

भीती बसलीच, तर ‘भिण्यासारखं काय त्यात’ असं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलालाच लांडगा करा आणि तुम्ही आज्जी व्हा. दोन-तीन वेळा लांडगा झाल्यावर भीती बहुतेक उतरते. नाही उतरली तर ती गोष्ट सहा महिने बाजूला ठेवा.

युरोपच्या बाहेर

जगातल्या गोष्टी म्हणजे राजकन्या आणि किल्ले एवढंच नव्हे. तीन वर्षांच्या मुलासाठी रशियाच्या मोठ्या सलगमाची गोष्ट फार चांगली. सलगम कुणी पाहिलेला नसला तर मुळा म्हणा. आजोबा ओढतो, निघत नाही. मग आज्जी, नात, कुत्रा, मांजर, आणि शेवटी उंदीर आल्यावर मुळा उपटून येतो. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांची कंबर धरून ओढायचं. पश्चिम आफ्रिकेचा आनान्सी नावाचा कोळी आभाळातल्या देवाकडून जगातल्या सगळ्या गोष्टी मिळवतो, त्यासाठी अजगर, बिबट्या आणि गांधीलमाश्या युक्तीनं पकडतो. ही गोष्ट पाचव्या वर्षापासून सांगा. जपानचा मोमोतारो पीच फळातून जन्मतो आणि शिदोरीतले लाडू वाटून कुत्रा, माकड आणि तितर यांना सोबती करतो.

आणि आपलं पंचतंत्र. सहाव्या शतकात ते इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात अरबीत. तिथं त्याचं नाव ‘कलीला व दिम्ना’ पडलं, म्हणजे आपलेच करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. सात वर्षांच्या मुलाला नकाशावर ही वाट बोटानं दाखवा. आपल्याकडं गोष्टी आल्या तशा इथून गेल्याही, हे त्याला एका बोटात कळतं.

गोष्ट बाहेर न्या

ग्रिमच्या संग्रहातली पहिलीच कथा बेडूक राजाची: राजकन्येचा सोन्याचा चेंडू विहिरीत पडतो. ती सांगायला पन्हाळगडावरची अंधारबाव ही पायऱ्यांची विहीर आहेच. मुलाचा हात धरून पायऱ्या उतरा, खालच्या पाण्याकडं बघा आणि मग सांगा. (मूळ कथेत राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही, त्याला भिंतीवर आपटते, मुलांना हेच जास्त आवडतं.) शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट पावसाळ्यात तिथल्याच तटाजवळ सांगावी, वेलींनी झाकलेले दगड समोर असताना. नॉर्वेच्या तीन बोकडांच्या गोष्टीत पुलाखाली राक्षस असतो. शेताकडं जाताना एखादा छोटा साकव लागला तर पहिला बोकड हलका, दुसरा जरा जड आणि तिसरा धाडधाड, असं तिघांनी चालून दाखवा. मोठ्या रहदारीच्या पुलावर हा खेळ करू नये.

पुस्तकांसाठी आधी ग्रंथालय गाठा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून कोल्हापुरात आहे. मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. विकत घ्यायची तर ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं बघा. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, पण मोबाइल मुलाच्या हातात न देता तुमच्या हातात ठेवून वाचा.

सहा-सातनंतर रोज एक प्रकरण अशी लांब पुस्तकं सुरू करता येतात. इटलीच्या कोलोदीचा पिनोकियो (१८८३) छत्तीस प्रकरणांचा आहे, म्हणजे पाच आठवडे. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी बाहुल्याला झाडाला टांगतात. लेखकानं मुळात गोष्ट तिथंच थांबवली होती. म्हणून पंधरावं आणि सोळावं प्रकरण एकाच रात्री वाचा, नाहीतर मूल झोपणार नाही. किपलिंगचा मोगली (१८९४) मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानातला, बघीरा आणि भालू ही नावंही ओळखीची. ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१८६५) मात्र घाईनं घेऊ नका. तिची गंमत शब्दांच्या कोट्यांत आहे आणि शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतरात ती उरत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल स्वतः कोट्या करायला लागलं की मग.

एखाद्या दिवशी मूलच गोष्ट सांगायला बसेल आणि सगळं एकमेकांत मिसळेल. टोपीवाली भोपळ्यात बसेल, लांडगा बाहेरून ‘टुणूक टुणूक’ म्हणेल, उंदीर ढोलकं वाजवत शिकाऱ्याला बोलवायला जाईल. मध्येच थांबवून दुरुस्त करू नका. ‘मग पुढं?’ एवढंच विचारा.