तागावरच्या ठिपकेवाल्या पतंगाची अळी घरी कशी वाढवायची

आमच्या पन्हाळ्याच्या पायथ्याला उसाआधी हिरवळीचं खत म्हणून ताग पेरतात आणि फुलोऱ्यात आला की गाडून टाकतात. बियाण्यासाठी बांधाकडेला राखलेल्या तागाला मात्र भाद्रपद-आश्विनात शेंगा धरतात. त्या निरखून बघा. शेंगेला भोक आणि भोकाशी चिकटलेल्या लेंड्या दिसल्या, की अळी जवळपासच असणार. काळपट अंग, त्यावर पांढरे-नारिंगी पट्टे, विरळ केस. ती पानं खातेच, पण शेंग पोखरून कोवळे दाणे खायला तिला जास्त आवडतं. मसाई पठाराच्या सड्यावर रानटी खुळखुळ्याच्या, म्हणजे तागाच्या भाऊबंदांच्या, जाती उगवतात, त्यांवरही ती जगते. पण पठारावरचं काही तोडू नका. बांधावर हवी तेवढी मिळते.

दोन-तीनच अळ्या आणा, त्याही डहाळीसकट. हाताने उचलू नका, रंगाचा मऊ ब्रश वापरा. रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाला वर्तमानपत्र घाला आणि झाकणाऐवजी मलमलीचं फडकं बांधा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी पाण्यात उतरून बुडते. कागद रोज बदला. इथल्या पावसाळी हवेत ओल्या लेंड्यांवर लगेच बुरशी येते आणि अळ्या भराभर मरतात. पानं धुतली तर पुसून कोरडी करूनच द्या.

खाणं तागाचंच हवं. ताग-खुळखुळ्यातलं विष ही अळी अंगात साठवते, ते पतंगातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. जनावरांच्या यकृताला बाधणारं विष हिचं चिलखत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

अळी खाणं सोडून फिरायला लागली, की वाळका पाला टाका. त्यातच ती विरळ जाळं विणून कोष करते. साधारण आठ-दहा दिवसांत पतंग निघतो. थंडी असेल तर जास्त लागतात. दुधी पंख, त्यांवर काळे आणि लालभडक ठिपके. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली नोंदवलेला युटेथीसा पुल्चेला (हे त्याचं शास्त्रीय नाव) तो हाच. याचा जवळचा भाऊ, युटेथीसा लोट्रिक्स ही दुसरी जात, हुबेहूब असाच दिसतो, म्हणून नाव ठामपणे लिहिण्याआधी जाणत्याला फोटो दाखवा.

पंख पूर्ण वाळू द्या आणि ज्या बांधावरून आणलं, तिथंच सोडा. शहरातल्या बागेत सोडाल तर अंडी घालायला ताग कुठून मिळणार?