बिल्डरचं भाडं थांबलं की पहिल्या महिन्यातच करायची कामं

आमच्या झोपडपट्टीच्या पुनर्विकासासाठी वस्तीतल्या खोल्या आम्ही २०१८ च्या मे महिन्यात खाली केल्या. नवं घर तयार होईपर्यंत बिल्डरने आम्हाला भाडं द्यायचं होतं. पहिल्या वर्षाचे बारा चेक हातात मिळाले होते, दरमहा बारा हजारांचे. दुसऱ्या वर्षाचे पाच चेक वटले आणि सहावा परत आला. बँकेतून निघून मी थेट बिल्डरच्या साइट ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, थोडं थांबा, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देऊ." मी थांबले. पुढच्या महिन्यातही तेच ऐकलं आणि परत थांबले. त्या थांबण्यात आमच्या हातातून काय गेलं ते मला चार महिन्यांनी कळलं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. वस्तीत असताना पाळणाघर चालवायचे, सात मुलं यायची. भाड्याच्या घरात मालकाने पाळणाघराला परवानगी दिली नाही. म्हणजे घरासोबत कमाईही गेली आणि वर भाडंही थांबलं. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, प्रकल्पात गेलेल्या कितीतरी घरांची हीच गत आहे. भाडं बंद झालं की माणूस पहिल्या महिन्यात उसनवारी करतो, नंतर डिपॉझिट खातो, मग गावाला जातो किंवा नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपतो. रस्त्यावर कुणी एका दिवसात येत नाही. म्हणून जे काही करायचं ते सुरुवातीलाच करायचं असतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे भाडं म्हणजे बिल्डरची मेहरबानी नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर मिळायचं असतं आणि ते तयार होईपर्यंत एक तर संक्रमण शिबिरात जागा, नाही तर भाडं. ही जबाबदारी विकासकावर, म्हणजे बिल्डरवर, असते, आणि तो ती पाळतो की नाही हे बघणं प्राधिकरणाचं काम आहे. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने तर दोन वर्षांचं भाडं आधीच प्राधिकरणाकडे जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे, असं विकासकांना बांधून घातलं आहे. तुमच्या वस्तीने अजून खोल्या खाली केल्या नसतील, तर हे पैसे जमा झाले आहेत का ते लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय कुलूप काढून देऊ नका. आमच्या वेळी हे परिपत्रक नव्हतं. तरी विचारण्याचा हक्क होता, आम्हीच विचारलं नाही.

आता भाडं थांबलंय असं धरून चालू.

चेक परत आला असेल, तर बँकेकडून रिटर्न मेमो त्याच दिवशी मागून घ्या. चेक परत येण्याचं कारण त्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. इथून दिवस मोजायचे असतात, आणि नेमकं हेच आम्हाला माहीत नव्हतं. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. त्यात त्याने दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार दाखल करायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. "आत्ता भरू नका, सांगतो तेव्हा भरा" असं कुणी म्हणालं, तर त्याचा खरा अर्थ ओळखा. माझा पहिला चेक असाच वाया गेला. दुसऱ्या चेकच्या वेळी आमच्यातल्या २३ घरांनी एकाच आठवड्यात नोटिसा पाठवल्या, रजिस्टर पोस्टाने, आणि पोचपावत्या जपून ठेवल्या. साइट ऑफिसातला आवाज त्यानंतर बदलला.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. चेक घरातल्या बाईच्या नावाचा असेल तर तिने स्वतः जावं.

भाडं खात्यात थेट जमा होत असेल आणि आलं नसेल, तर रिटर्न मेमोचा प्रश्न येत नाही. मग पासबुक भरून घ्या, शेवटची नोंद दिसेल अशी. तिची झेरॉक्स हाच तुमचा पुरावा.

यानंतरचं काम म्हणजे अर्ज. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचं मुंबईतलं कार्यालय वांद्रे पूर्वेला, प्रा. अनंत काणेकर मार्गावर आहे. अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. त्याच्या प्रती तुमच्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, सहकार विभागाच्या उपनिबंधकांना, विकासकाला आणि आपल्या सोसायटीला. अर्जात रडगाणं नको. मी पहिला अर्ज तीन पानी लिहिला होता. त्यात सासूबाईंचं आजारपण होतं, मुलीची दहावी होती, मालकाचं बोलणं होतं. सगळं खरं होतं, पण वाचणाऱ्याला त्यातून रक्कम शोधावी लागत होती. पुढे आम्ही सगळ्यांसाठी हा मजकूर ठरवला (त्यातलं परिशिष्ट-दोन म्हणजे झोपडीधारकांची पात्र-अपात्र यादी):

"मी परिशिष्ट-दोनमधील अनुक्रमांक अमुक, पात्र झोपडीधारक. अमुक तारखेस झोपडी रिकामी करून दिली. ठरलेले भाडे दरमहा इतके. अमुक महिन्यापर्यंतचे भाडे मिळाले, त्यानंतरचे मिळालेले नाही. आजअखेर थकबाकी इतकी. विकासकाकडून ती मिळवून द्यावी आणि मिळेपर्यंत विक्रीच्या इमारतीच्या पुढील परवानग्या देऊ नयेत, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. बिल्डरचा पैसा विक्रीच्या इमारतीतून येतो. तिथलं काम अडलं, तरच थकलेल्या भाड्याकडे त्याचं लक्ष जातं.

अर्जासोबत परिशिष्ट-दोनमधलं आपल्या नावाचं पान, विकासकासोबतचा करार, खोली खाली केल्याची पावती, पासबुकाची झेरॉक्स किंवा रिटर्न मेमो आणि सध्याच्या भाड्याच्या घराचा करार जोडा. आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. मी एक शंभर पानी वही केली होती. तारीख, कुणाला भेटले, काय म्हणाले, पुढची तारीख काय दिली. दोन वर्षांनी सुनावणीत ती वही समोर ठेवली, तेव्हा बिल्डरच्या वकिलाला "यांनी कधी मागणीच केली नाही" असं म्हणता आलं नाही.

अर्ज एकट्याने केला तरी चालतो. पण एकट्या अर्जाला बिल्डर परस्पर गप्प करतो, चार महिन्यांचं भाडं त्या एकाच घराला देतो आणि बाकीचे ताटकळत राहतात. आमच्यात हे दोनदा झालं. ज्यांनी घेतले त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या घरात चूल पेटायची होती. म्हणून प्रत्येकाचा वेगळा अर्ज, पण सगळे एकाच दिवशी, आणि वर सोसायटीचं एक पत्र ज्यात सगळ्यांची यादी आणि एकूण थकबाकी. कमिटी बिल्डरच्या बाजूने झुकलेली असेल, तर तिच्याशी भांडण्यात महिने घालवू नका. तिला प्रत द्या, पोच घ्या आणि पुढे चला.

महिन्याभरात हालचाल दिसली नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, एका अर्जात एकच विषय, मजकूर थोडक्यात. आमच्या प्रकल्पाच्या विकासकाने किती भाडं जमा केलं, किती वाटलं, किती थकवलं आणि त्यावर काय कारवाई झाली, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. या उत्तरातून कधीकधी फार मोठी गोष्ट हाती लागते. आमच्या बिल्डरने कागदावर सगळ्यांना भाडं दिल्याचं दाखवलं होतं. त्या यादीत माझ्या नावापुढे सही होती आणि ती माझी नव्हती.

त्यापुढचे दरवाजे मोठे आहेत. शिखर तक्रार निवारण समिती आहे, उच्च न्यायालय आहे. शिवाय १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली विकासकालाच काढून टाकता येतं. त्या वाटेने जायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव नीट झालेला असू द्या, आणि नवा विकासक आला की त्याच्या इरादापत्रात (प्राधिकरण विकासकाला देतं त्या मंजुरीच्या पत्रात) जुन्या थकबाकीची अट आहे का ते आधी वाचा. ती नसेल तर तिथेच हरकत नोंदवा. हे वर्षांचं काम आहे, महिन्यांचं नाही.

आणि तोवर राहायचं कुठे? याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात मिळत नाही, म्हणून आम्ही काय केलं तेच सांगते.

सध्याच्या घरमालकाला पहिल्याच महिन्यात खरं सांगा. आपल्याला लाज वाटते, आपण टाळतो, फोन उचलत नाही. मालकाला वाटतं हे बुडवणार. मी आमच्या मालकाला शिक्का मारलेल्या अर्जाची झेरॉक्स दाखवली आणि म्हटलं, "काका, अर्धं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला मी देणारच. उरलेलं डिपॉझिटमधून वळतं करा, पण तसं लिहून ठेवू." ते कबूल झाले. सगळेच मालक होतील असं नाही. पण लपवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला जास्त मुदत मिळते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केलेला करार हाती असला की तुम्ही खरंच भाड्याने राहता आणि किती भाडं भरता याचा भक्कम पुरावा होतो. अकरा महिने संपण्याची तारीखही बघून ठेवा. ती परीक्षेच्या तोंडावर येत असेल तर आधीच बोलून मेपर्यंत वाढवून घ्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाची शाळा फेब्रुवारीत बदलली, आणि तो पुन्हा शाळेत बसलाच नाही.

घर सुटायचीच वेळ आली, तर सामान हलवण्याआधी कागदांची पिशवी सुरक्षित हाती द्या. आमच्यातल्या एका एकट्या म्हाताऱ्या बाबांना काही महिने महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात काढावे लागले. त्यांची फाइल माझ्या कपाटात होती, म्हणून त्यांचा हक्क शाबूत राहिला. वॉर्ड ऑफिसात विचारलं की जवळचं निवारागृह कळतं. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही, आणि तिथे गेल्याने तुमची पात्रता जात नाही.

एक गोष्ट फार घरांत अडते. पात्र माणूस वारला की भाडं थांबतं. मुलं वाट बघतात, भाऊबहीण एकमेकांकडे बघतात. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची नाहरकत घेऊन नावबदलाचा अर्ज लगेच करा. दिवसकार्य आटोपल्यावर हे पहिलं काम. चार वर्षांनी करायला गेलात, तर एखादा वारस परगावी असतो, नाही तर त्याचं मन बदललेलं असतं.

थकलेल्या माणसाकडे दलाल येतात. "खोलीचा हक्क आम्हाला लिहून द्या, रोख घ्या." भाडं बंद झाल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात ते बरोबर दारात उभे राहतात. आमच्यातल्या चार घरांनी लिहून दिलं. ती घरं आज कुठे आहेत ते मला माहीत आहे आणि सांगताना घशात येतं. तुमच्या ओळखीत कुणी त्या टोकाला आलं असेल, तर त्याला सल्ला देण्याआधी दोन महिन्यांच्या भाड्याची सोय करून द्या. आम्ही भिशीतून अशी तीन घरं थोपवून धरली.

आणि पैसे आले की? आमची थकबाकी तीन टप्प्यांत आली, तिसरा टप्पा अजून पुरा व्हायचा आहे. प्रत्येक वेळी बिल्डरचा माणूस छापील पावती पुढे करायचा. त्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, "माझे काहीही येणे बाकी नाही." ती ओळ खोडून मगच सही करा, आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे भाडे मिळाले, उरलेल्या महिन्यांचे बाकी.