जुलाब-उलट्या झालेल्या मुलाला ओआरएस कसं पाजायचं

"दात येताहेत, म्हणून जुलाब." आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल फरशीवरचं काहीही तोंडात घालतं, ते पोटात गेलं की जुलाब होतात. दाताचा दोष एवढाच. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी शी झाली की जुलाब समजा आणि ओआरएस सुरू करा. (अंगावर पिणाऱ्या तान्ह्याची शी तशीही पातळच असते, तिथे रोजच्यापेक्षा फरक पडलाय का, ते बघा.)

पुडी औषधाच्या दुकानातूनच घ्या, 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली. फळांच्या चवीचे गोड डबे नकोत. त्यात साखर जास्त असते आणि तिने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, तीही उगाच नाही.

मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलीची. अख्खी पुडी, उकळून गार केलेल्या मोजक्या पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने घालू नका. वर साखर, दूध, लिंबू काही नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

आता खरी मेख. माझ्या थोरल्याला दीड वर्षाचा असताना उलट्या-जुलाब झाले. तहानेनं तो पेल्यावर तुटून पडला, मीही पिऊ दिलं. पाच मिनिटांत सगळं माझ्या गाऊनवर. पुन्हा पाजलं, पुन्हा उलटी. "त्याला ओआरएस पचत नाही" असं मीच ठरवलं आणि थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या इवल्याशा हाताला सलाईन लागलं. ओआरएस पचत होतं, पेला पचत नव्हता.

उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग ५ मिलीचा एक चमचा, दर दोन मिनिटांनी. मोबाईलवर टायमर लावा, अंदाज नको. रडणाऱ्या मुलासमोर दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. हिशेब करा: तासाला १५० मिली, म्हणजे जवळजवळ एक वाटी, तीही पोटात राहिलेली. मूल अजून मागेल, हात ओढेल, आजी म्हणेल "पिऊ दे गं त्याला". देऊ नका. चमचा थुंकत असेल तर औषधाच्या ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला सोडा. धाकटीला मी माळ्यावरचं चांदीचं बोंडलं काढून पाजलं. बारीक धार, छान जमतं, पण दर वेळी उकळून घ्यावं लागतं. उलट्या थांबल्या की वेग वाढवा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २००.

अंगावरचं दूध चालूच ठेवा. जेवत्या मुलाला मऊ भात, पेज, खिचडी, केळं द्या. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवणं हा शुद्ध आडमुठेपणा. डॉक्टर झिंक देतील, ते जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, बहुधा चौदा. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलाला कधीही नकोत.

शीमध्ये रक्त, सहा तास शू नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच सपाट होत नाही, मूल मलूल पडलंय किंवा चमचाभरही पीत नाही: यातलं एक दिसलं तरी चमचे मोजत बसू नका, रिक्षा बोलवा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर वाट न बघता दाखवा.

पुन्हा होऊ नये म्हणून शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा. पाणी खळखळ उकळा, टँकरचं असेल तर नक्कीच. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) साथ आली, तेव्हा सगळं पुणं पाणी उकळत होतं. मग पुन्हा फिल्टरवर भिस्त.

आणि मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची लस: तोंडावाटे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, महापालिकेच्या दवाखान्यात मोफत. तारीख हुकली असेल तरी कार्ड घेऊन जा. बाळ वर्षाच्या आत असेल तर पहिला डोस अजून मिळतो.